बोनसच्या अटी बटणाशेजारीच ठेव

पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या साइटचं लँडिंग पेज, म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान, सुधारून जास्त लोकांची नोंदणी मिळवायची म्हणतोस. हे काम भारतातल्या लोकांसाठी करत असशील, तर आधी थांब. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानुसार पैशांच्या खेळांची जाहिरातसुद्धा गुन्हा आहे. २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. त्यात लँडिंग पेज सुधारायचा प्रश्नच येत नाही.

ब्रिटनमधल्या परवानाधारक कंपनीचं काम असेल तर पुढचं वाच. तिथं बोनस ठळक आणि तो काढून घेण्याआधी त्यावर किती वेळा पैजा लावायच्या ते तळाशी बारीक अक्षरांत, असं नियमात बसत नाही. फायदाही होत नाही म्हणा. माणूस नाव नोंदवतो आणि पैसे भरायच्या पायरीवर अटी वाचून निघून जातो. मुख्य अटी ऑफरला चिकटूनच दे. क्रेडिट कार्ड तिथं एप्रिल २०२० पासून चालत नाही, वय आणि ओळखीची पडताळणी खेळण्याआधीच होते. दोन्ही पानावरच सांग, म्हणजे पुढची गळती थांबते. 'शेवटची ५ मिनिटं' छापाची घड्याळं काढ, मला तरी ती फसवीच वाटतात.

आणि क्लिक मोजत बसू नकोस. पडताळणी पूर्ण झालेली खाती मोज, एका वेळी एकच बदल करून.