निघायच्या आधी, गावातच बसून लाव

भाऊ, तू विचारलंस की पुढच्या महिन्यात जर्मनीला निघतोय. दारव्ह्याजवळच्या गावात आई-बाबा, यवतमाळला ताई, सगळे एकदम दिसावेत म्हणून स्वतःचा जित्सी (व्हिडिओ कॉलचं मोफत सॉफ्टवेअर) सर्व्हर टाकायचाय. तर तो घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल का, आणि नेटवर्कचं काय काय करायचं?

घरी नको रे बाप्पा. लाईनचं, म्हणजे विजेचं, मी तुला काय सांगू! पण चोवीस तास लाईन राहिली तरी भागत नाही. पुष्कळ ठिकाणी नेटवाले एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात. राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला, तर बाहेरून तुझ्या घरापर्यंत वाटच नाही. मग पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून आतल्या मशीनकडे वळवणं) करत बसलास तरी उपयोग नाही. 'तिकडे पोचल्यावर लावू' हेही डोक्यातून काढ. तिकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्या डीएस-लाइटवर असतात, म्हणजे आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यापुरती तीच वाटून घेण्याची गत. माझे दोन रविवार त्यातच गेले.

स्थिर पत्त्याचा भाड्याचा सर्व्हर घे, तोही मुंबईतला. फ्रँकफर्टला ठेवलास तर यवतमाळच्या ताईचा आवाज गावातल्या आईकडे जर्मनीला वळसा घालून जाईल.

इन्स्टॉल करायची घाई करू नको, ते वीस मिनिटांचं काम आहे. आधी डोमेन घे, त्याची ए नोंद (नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणारी) सर्व्हरच्या पत्त्याकडे वळव आणि ताईच्या फोनवरून ते नाव उघडतं का बघ. कारण इन्स्टॉलर होस्टनेम, म्हणजे हेच सर्व्हरचं नाव, विचारतो, आणि तू जे टाकशील ते सेटिंगच्या फायलींच्या नावातसुद्धा जाऊन बसतं. नंतर बदलायचं म्हटलं की सगळं काढून पुन्हा टाकलेलं बरं. शिवाय एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र त्याच नावावर निघतं, आणि एचटीटीपीएस नसेल तर ब्राउझर कॅमेरा-माईकला हात लावू देत नाही.

उघडायचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरची दारं, थोडेच आहेत: टीसीपी ८० आणि ४४३, यूडीपी १००००. फायरवॉल चालू करण्याआधी स्वतःसाठी २२ (दुरून सर्व्हरवर शिरायचा) उघडा ठेव, नाही तर स्वतःच बाहेर राहशील. आणि फायरवॉल दोन असतात, एक मशीनवर, दुसरी भाड्याने देणाऱ्याच्या पॅनलमध्ये. मी एकच उघडली होती. आईशी मस्त बोलणं झालं, म्हटलं जमलं! पोळ्याच्या दिवशी ताई जोडली गेली आणि तिघांचेही पडदे काळे, आवाज बंद. दोघंच असले तर जित्सी फोनला फोन थेट जोडतो. तिसरा आला की सगळं सर्व्हरच्या ब्रिजमधून, म्हणजे सगळ्यांचं चित्र-आवाज पुढे पाठवणाऱ्या भागातून, जातं, आणि त्याचा १०००० माझ्याकडे बंद. मशीनला स्वतःचा फक्त आतला पत्ता दिसत असेल आणि बाहेरचा आपोआप ओळखता आला नाही, तरीही असंच होतं. तेव्हा ब्रिजच्या सेटिंगमध्ये दोन्ही पत्ते लिहून दे.

म्हणून चाचणी तिघांनी करा, वायफाय बंद ठेवून, आणि एकाला वावरात उभा कर. खोली उघडायला पासवर्डही आत्ताच लाव.

घड्याळाचं राहिलंच. तिकडची वेळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. घरच्या कालनिर्णयवर त्या दोन तारखांना गोल करून जा. पहिल्या ऑक्टोबरात आमची आई तासभर फोन समोर धरून बसली होती.