जपानी नागरिकत्व: सुरुवातीला एवढंच बघा

जपानी नागरिकत्व घ्यायचा तुमचा निर्णय चांगला आहे, पण भारतातून कागद मागवायची घाई नको. आधी होमुक्योकुची (नागरिकत्वाचे अर्ज घेणारं सरकारी कार्यालय) वेळ घ्या. कागदांची यादी माणसागणिक बदलते. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळं, पासपोर्टवर वेगळं. तीन महिने त्यातच गेले.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पेन्शन, रहिवासी कर उशिरा भरणं
- गाडीचा दंड ‘किरकोळ’ म्हणून न सांगणं
- गावी लांबलचक मुक्काम
- अर्जानंतर नोकरी किंवा घर बदललं, तरी न कळवणं

नागरिकत्व का हवं, ते पत्र स्वहस्ते जपानीत लिहायचं असतं. टाइप करून करून बोटं कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) विसरतात, तेव्हा आजपासूनच गिरवा!

आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, हे आईबाबांशी आधीच बोलून घ्या. ओसीआयचं (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) नंतर बघू.