चिपचं कार्ड इतकी वर्षं का रखडलं? दोष लोकांचा नाही

तुम्ही विचारलंय की चिपच्या कार्डाचं पेटंट फ्रेंच संशोधक रोलां मोरेनोने १९७४ मध्येच घेतलं होतं, मग पैसे द्यायला ते सगळीकडे पोचायला इतकी वर्षं का लागली, लोक नव्याला घाबरतात म्हणून का?

नाही. ‘लोक घाबरतात’ हे नोकरीत इतकं ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

मी दुकानांत कार्डाची मशीन बसवायचो. एका ठिकाणी नवं मशीन बसवून महिन्याभराने गेलो, तर चिपच्या खाचेवर चिकटपट्टी. गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं तर त्यांनी रांगेकडे बोट दाखवलं. तिथेच उभा राहिलो. मागे काळी चुंबकीय पट्टी असलेलं जुनं कार्ड सर्रकन ओढलं की झालं. चिपचं मात्र आत घालायचं, पिन टाकायचा, थांबायचं. कुणी घाईने मध्येच उपसलं की परत पहिल्यापासून, आणि मागचे लोक तोवर घड्याळ बघतायत.

साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘दुकानदाराचं प्रशिक्षण कमी पडलं.’ मी तेव्हाही भांडलो. मशीनचा खर्च दुकानदाराचा, रांगेचा ताप त्याचाच, आणि बनावट कार्डाचा तोटा वाचणार बँकेचा. त्याने कशासाठी उत्साह दाखवायचा?

फ्रान्समध्ये दरवेळी फोन लावून बँकेला विचारणं महाग पडायचं. चिप पिन जागच्या जागी तपासते, म्हणून १९९२ पर्यंत तिथल्या बँकांच्या सगळ्या कार्डांवर ती आली. अमेरिकेत फोन स्वस्त, व्यवहार थेट बँकेला विचारून व्हायचा, त्यामुळे पट्टीवरच भागलं. तिथे ऑक्टोबर २०१५ पासून नियम बदलला: चिपची सोय नसलेल्या दुकानात बनावट कार्ड चाललं तर भुर्दंड दुकानदाराला. मग मशीन भराभर बदलली. प्रशिक्षण तेच होतं, साहेब.

चिप चांगलीच आहे, गैरसमज नको. पट्टीवरची माहिती कायम तीच असते, म्हणून नक्कल सोपी. चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करते. पण नुसता नंबर टाकून ऑनलाइन खरेदी होते तिथे तिचा उपयोग नाही, आणि मागची पट्टीही बरीच वर्षं तशीच राहिली.

तुम्ही यावर प्रकल्प करणार असाल तर आधी अर्धा दिवस गल्ल्याशेजारी उभे राहा. आमचे साहेब एकदाही राहिले नाहीत.