रूळ दूर गेले तरी मार्ग दुहेरीच का?

प्रश्न असा आला आहे: जाण्याचा आणि येण्याचा रूळ एकमेकांपासून बराच लांब, कधी नदीच्या दोन काठांना असेल, तर त्याला ‘दुहेरी मार्ग’ म्हणता येईल का?

बहुतेक वेळा येईल. दुहेरीकरण म्हणजे दोन्ही दिशांना स्वतंत्र रूळ मिळणं, क्रॉसिंगसाठी गाडी थांबवावी न लागणं. रूळ शेजारी हवेत अशी अट त्यात नाही. दुसरा रूळ अनेकदा पहिल्यानंतर कित्येक वर्षांनी टाकतात. शेजारी जागा नसेल तर तो वेगळ्या बोगद्यातून, सौम्य चढ शोधत जातो.

१८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटात आज अप, डाउन आणि मिडल अशा तीन लाइन आहेत आणि त्या सगळीकडे बिलगून जात नाहीत. तिथला चढ ३७ फुटांना १ फूट. (इथे ‘अप’ म्हणजे चढणारी असं समजू नका. मुंबईकडे येणारी गाडी अप, म्हणजे घाट उतरणारी!) वर्तमानपत्रं अशा प्रत्येक लाइनला ‘मार्गिका’ म्हणतात आणि मला तो शब्द मनापासून आवडतो: मार्ग एक, मार्गिका अनेक. ‘मेट्रो ३ मार्गिका’ असं अख्ख्या मार्गालाच म्हटलं की हा उपयोगी भेद पुसला जातो, म्हणून ते टाळावं. घाटातल्यासारख्या रचनेला मी ‘विलग मार्गिका’ म्हणेन.

अमेरिकेतल्या नेवाडामधला प्रकार मात्र निराळा. हम्बोल्ट नदीच्या खोऱ्यात सदर्न पॅसिफिक आणि वेस्टर्न पॅसिफिक या प्रतिस्पर्धी कंपन्यांचे एकेरी मार्ग होते, कुठे जवळ, कुठे मैलोन्‌मैल अंतरावर. १९२४ मध्ये त्यांनी करार केला: विनेमका ते वेल्सजवळपर्यंत दोघांच्याही पूर्वेकडच्या गाड्या एका रुळावरून, पश्चिमेकडच्या दुसऱ्यावरून. नवा रूळ न टाकता दुहेरी मार्गाची सोय झाली! पण मालक दोन, म्हणजे मार्गही दोन. त्यांना ‘विलग मार्गिका’ म्हणणं चूक ठरलं असतं. तिथे ‘जोडमार्ग’ हवा. १९८२ मध्ये वेस्टर्न पॅसिफिक आणि १९९६ मध्ये सदर्न पॅसिफिक युनियन पॅसिफिककडे गेली. तेव्हापासून दोन्ही रूळ एकाच घरचे आहेत, त्यामुळे आजच्या नेवाडाबद्दल लिहिताना ‘विलग मार्गिका’ खुशाल वापरा.