वृद्धाश्रमाच्या रजिस्टरमध्ये 'मदत लागते' एवढंच लिहिलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या एका वृद्धाश्रमात नुकतेच कामाला लागलात. रजिस्टरमध्ये अंघोळ, कपडे, संडास, जेवण, चालणं यांपुढे 'स्वतः' आणि 'मदत लागते' असे दोनच रकाने आहेत, आणि जुनी माणसं म्हणतात टिक करा नि मोकळे व्हा. मीही इंदूरलाच हेच काम करते. नुसत्या टिकेवर भागवू नका. मदत कसली आणि किती, ते शेऱ्यात लिहाच.

आमच्याकडच्या एका आजोबांची बोटं आखडलीत. शर्ट ते स्वतः घालतात, खालची बटणंही लावतात, फक्त वरची दोन जमत नाहीत. शेजारच्या पलंगावरच्या काकांचा हातसुद्धा बाहीत घालून द्यावा लागतो. रजिस्टरमध्ये मात्र दोघांपुढे टिक सारखीच. पुढच्या पाळीची मावशी घाईत असते. ती टिक बघते आणि आजोबांना अख्खा शर्ट चढवून देते. असं महिनाभर चाललं की आजोबा नुसते हात पुढे करून बसायला लागतात, आणि गेलेली सवय या वयात परत येणं फार कठीण. 'शर्ट स्वतः घातला, वरची दोन बटणं लावून दिली, वेळ द्यावा' एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

दुसरं, 'करू शकतात' असं लिहू नका. आज काय केलं ते लिहा. सकाळी फिजिओथेरपीवाल्यांसमोर वॉकर घेऊन व्हरांडाभर चालणाऱ्या काकूंना रात्री संडासला जाताना धरावं लागतं. दोन्ही खरं आहे, म्हणून वेळ घालून दोन्ही लिहा. नाहीतर रात्रपाळीला वाटतं त्या एकट्या जातात, आणि पडतात त्या नेमक्या तेव्हाच.

डॉक्टर बहुधा कॅट्झ किंवा बार्थेलचे गुण विचारतील. माणूस रोजची कामं कितपत स्वतः करतो, ते मोजायचे हे दोन तक्ते. कॅट्झचा तक्ता 1963 चा: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण, स्वतः जमलं तर प्रत्येकी एक गुण. त्यात फक्त पाठ चोळून दिली तरी अंघोळ 'स्वतः'च धरतात. बार्थेलचा 1965 चा, दहा बाबी, एकूण 100 गुण. काठी किंवा बिनचाकांचा वॉकर घेऊन एकट्यानं चाललं तर गुण कापायचे नाहीत. हे तक्ते अमेरिकेत बनलेले. बादलीतून मगानं पाणी घेणं, उकिडवं बसणं, नेसत्या साडीच्या निऱ्या सावरणं त्यांत कुठून येणार? ते आपणच शेऱ्यात लिहायचं.

आता खास आपल्या इंदूरचं. आपल्याकडे कामाची भाषा हिंदी, पण कितीतरी आज्या मराठी घरांतल्या. स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजींपुढे रोज 'सांगितलेलं समजत नाही, पूर्ण मदत' असं लिहिलं जायचं. 'हाथ ऊपर कीजिए' म्हटलं की त्या नुसत्या बघत राहायच्या. मी म्हटलं, "आजी, हात वर करा बरं," तर दोन्ही हात वर! ब्लाउजच्या बाह्या त्यांनी स्वतः ओढल्या. आता त्यांच्या पानावर ठळक लिहिलंय: 'मराठीत, एका वेळी एकच गोष्ट सांगावी.' सोबत उच्चार कळावा म्हणून चार वाक्यंही लिहून ठेवलीत, हिंदी बोलणाऱ्या मावशी ती छान म्हणतात. तोंडी सूचना देणं हीसुद्धा मदतच असते, पण हात लावून केलेल्या मदतीपेक्षा वेगळी. ती वेगळी लिहा.

आणि एक गोष्ट अजिबात टाळू नका. काल स्वतः जेवलेल्या माणसाला आज घास भरवावा लागला, तर नुसतं लिहून थांबू नका, त्याच वेळी नर्सला किंवा डॉक्टरांना सांगा. म्हातारपणी लघवीचा संसर्ग ताप न येताही असू शकतो. मे महिन्यात अंगातलं पाणी कमी पडतं, किंवा झोपेची नवी गोळी सुरू झालेली असते. पुष्कळदा पहिली खूण रोजच्या कामांतच दिसते. पण ती दिसायला कालची नोंद खरी हवी. म्हणून पाळी संपताना मागचं पान बघून रकाने भरण्याऐवजी अंघोळ झाली की अंघोळीचं, जेवण झालं की जेवणाचं लिहून टाका. बार्थेलचे गुण आम्ही महिन्यातून एकदा काढतो. कुणी पडलं किंवा दवाखान्यातून परत आलं तर लगेच नव्यानं काढतो.