एका दिवसाची सहल : किती ठरवावे, काय सोडावे

प्रश्न : लग्नाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त मी आणि माझे पती गाडीने एक दिवसाची सहल आखत आहोत. डोंगरातून आणि नदीकाठाने जाऊन पुन्हा घरी आणणारा साधारण २६० किलोमीटरचा रस्ता निवडला असून नकाशावर त्याला सहा तास दाखवतात. वाटेत राफ्टिंग, पॅराग्लायडिंग, झिपलाइन (उंचावर ताणलेल्या तारेला लटकून घसरत जाणे), दोन छोटी गावे आणि शेवटी सूर्यास्त, असा बेत आहे. सकाळी सहाला निघून रात्री नऊला परतायचे. पतींना हे सहज जमेल असे वाटते, मला मात्र धास्ती वाटते. आपण काय सुचवाल?

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. पतींना ती पटवायची असेल, तर वाद न घालता दोघांनी मिळून कागदावर तासांची बेरीज करावी. नकाशावरचे सहा तास हे कुठेही न थांबणाऱ्या गाडीचे असतात. घाटात अवजड वाहनामागे रखडणे, इंधन भरणे, समोर दरी उघडली म्हणून गाडी कडेला घेणे, हे सारे धरले की त्याचे आठ तास होतात. राफ्टिंगमध्ये प्रत्यक्ष पाण्यावर दीड-दोन तास जात असले, तरी नावे नोंदवणे, सूचना ऐकणे, कपडे बदलणे आणि नदीने जिथे खाली नेऊन सोडले तिथून पुन्हा आपल्या गाडीपर्यंत येणे, हे सगळे मिळून साडेतीन तास सहज लागतात. पॅराग्लायडिंगचे उड्डाण पंधरा-वीस मिनिटांचेच असते, पण उड्डाणाच्या जागी पोहोचण्यात आणि योग्य वाऱ्याची वाट पाहण्यात दोन तास मोडतात. झिपलाइनसाठी दीड तास ठेवा. तुमचे पंधरा तास इथेच संपले, आणि जेवण, गावे, सूर्यास्त अजून बाकीच आहेत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, एका दिवसात मोठा साहसी प्रकार एकच ठेवावा आणि बाकीचा दिवस त्याच्याभोवती बसवावा. दोन मोठे प्रकार हवेच असतील, तर एक रात्र वाटेत मुक्काम करावा.

कोणता ठेवावा, हे ठरवताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पॅराग्लायडिंगमध्ये पतिपत्नी एकत्र उडत नाहीत. दोन आसनांच्या पॅराग्लायडरवर एक पायलट आणि एकच प्रवासी असतो, त्यामुळे तुम्ही दोघे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या अनुभवातून जाल. राफ्टिंगमध्ये मात्र दोघे एकाच तराफ्यात, एकाच गाइडच्या हुकमावर वल्ही मारता, एकत्र भिजता आणि एकत्र घाबरता. लग्नाच्या वाढदिवसासाठी मी राफ्टिंगच निवडेन. शिवाय पॅराग्लायडिंग वेळेच्या बाबतीत हट्टी असते. दुपारी जमीन तापली की गरम हवेचे झोत वर उठतात आणि हवेत हिसके बसू लागतात. अनुभवी पायलट त्याच झोतांवर उंची गाठतात, पण पहिल्यांदा उडणाऱ्यांसाठी सकाळची किंवा उतरत्या दुपारची शांत हवा बरी. वारा योग्य नाही म्हणून पायलटने नकार दिला, तर पैसे भरले आहेत, लांबून आलो आहोत, असे सांगून त्याच्यावर दबाव आणू नये.

राफ्टिंगसाठी नदीच्या प्रवाहाची श्रेणी अवश्य विचारावी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत या श्रेणी १ ते ६ अशा असतात. पहिल्या दोन सौम्य असतात, तिसरीत लाटा अनियमित होतात, चौथीपासून प्रवाह जोरकस होतो, पाचवी तरबेज लोकांसाठी असते आणि सहावीच्या वाटेला त्यांच्यातलेही थोडेच जातात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जाणत्या गाइडबरोबर तिसरीपर्यंतच थांबावे. पाण्याची पातळी वाढली की त्याच नदीची श्रेणी बदलते, त्यामुळे गेल्या हंगामात कोणी काय केले यावर न जाता त्या दिवशीची श्रेणी विचारावी.

लाइफ जॅकेट घातल्यावर दोघांनी एकमेकांची परीक्षा घ्यावी. सगळे पट्टे आवळून झाले की एकाने दोन्ही हात वर करावेत आणि दुसऱ्याने जॅकेट खांद्यांपाशी धरून जोराने वर ओढावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकले, तर पट्टे सैल आहेत किंवा जॅकेट मोठे आहे. अशा वेळी संकोच न करता दुसरे मागावे, कारण पाण्यात पडल्यावर तेच जॅकेट डोक्यावरून निघू शकते. पडलातच, तर पाठीवर तरंगावे, पावले प्रवाह जातो त्या दिशेला, पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवावीत आणि जोरदार प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाऊल खडकांच्या फटीत अडकले, तर पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो.

दिवसाचा क्रम असा ठेवता येईल : भल्या सकाळी निघावे, राफ्टिंग दुपारपूर्वी उरकावे, अंग पुसून, कोरडे कपडे घालून जेवावे, मग एक गाव आणि शेवटी सूर्यास्त. दुसरे गाव आणि झिपलाइन यांना खुशाल रजा द्यावी. दोन गावे घाईने पाहण्यापेक्षा एका गावात तासभर पायी फिरावे, गाडी वेशीवरच लावावी, आणि त्या दिवशी तिथला बाजार भरतो की सगळे बंद असते हे आधी विचारून घ्यावे. रस्ता गोलाकार असल्याने दिशा ठरवणे तुमच्याच हातात आहे. दरी आपल्या बाजूला येईल अशा दिशेने गेल्यास समोरची रहदारी न ओलांडता गाडी कडेला घेता येते. संध्याकाळी सूर्य पाठीशी राहत असेल, तर ती दिशा आणखी सोयीची, कारण उतरता सूर्य थेट डोळ्यांवर आला की वळणावरचा पादचारी दिसत नाही. डोंगरात सूर्य कड्याआड लवकर जातो, त्यामुळे पंचांगातल्या वेळेच्या बरेच आधी जागेवर पोहोचावे.

आता परतीविषयी, कारण माझ्या मते अख्ख्या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग तोच आहे. राफ्टिंगला गाइड असतो, हेल्मेट असते, सूचना देणारे असतात. अंधारात घाट उतरताना मात्र दमलेले तुम्ही दोघेच असता. साहसाचा थरार ओसरला की शरीर एकदम ढिले पडते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते, म्हणजे तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर गाडी कोणीच चालवत नसते. दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटे थांबावे आणि शक्य असेल तर दोघांनी आळीपाळीने गाडी चालवावी. झोप येऊ लागली, तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावून कॉफी प्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत, कारण कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. हे सारे जमणार नाही असे वाटले, तर सूर्यास्त सोडावा आणि उजेडी घाट उतरून यावे.

प्रश्न : माझ्या पतींना वाटेतल्या एका ठिकाणी बंजी जंपिंग (लवचीक दोरी बांधून उंचावरून उडी) करायचे आहे आणि मीही उडी मारावी असा त्यांचा आग्रह आहे. मला उंचीची भीती वाटते. नकार दिला तर त्यांचा विरस होईल, म्हणून मन मारून होकार द्यावा का?

उत्तर : मुळीच देऊ नये. भीती वाटत असतानाही उडी मारावीशी वाटणे वेगळे, आणि दुसऱ्याचे मन राखण्यासाठी कड्यावर जाऊन उभे राहणे वेगळे. हा निर्णय घरी, निवांत बसून करावा. रांगेत लागल्यावर, मागचे लोक खोळंबलेले असताना, कोणालाही मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही. दोघांनी आधीच ठरवावे की शेवटच्या क्षणी कोणीही माघार घेतली, तर दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. पतींनी जरूर उडी मारावी, आणि त्या वेळी खाली किंवा काठावर उभे राहून त्यांना पाहणारे आपले माणूस असणे, हीदेखील त्या अनुभवात सोबतच आहे. तुमच्या पतींना हे उत्तर वाचायला द्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे किंवा मानेचे दुखणे, डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा गर्भारपण असेल, तर बंजी टाळावी. शंका असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. तिथे गेल्यावर तुमचे पती एक गोष्ट स्वतः तपासू शकतात. उडीची दोरी वजनानुसार निवडली जाते, त्यामुळे प्रत्येकाला काट्यावर उभे केले जाते का, हे पाहावे. कोणी नुसते तोंडी वजन विचारून पुढे पाठवत असेल, तर तिथून परत फिरावे. प्रवासाचा विमा काढला असेल, तर त्यातून साहसी खेळ वगळलेले आहेत का, हेही निघण्यापूर्वी वाचून घ्यावे.

प्रश्न : घाटात मला हमखास गाडी लागते. त्यामुळे अशा सहलींना मी नेहमी नाहीच म्हणते. काही उपाय आहे का?

उत्तर : आहे. गाडीत बसल्यावर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला हालचाल कळवतो, पण मोबाइलवर किंवा पुस्तकावर खिळलेले डोळे सगळे स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. पुढच्या आसनावर बसावे, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवावी, उपाशीपोटी किंवा भरल्या पोटी निघू नये आणि चालकाला वळणे सावकाश घ्यायला सांगावे. तुम्हाला गाडी चालवता येत असेल, तर घाटात स्टिअरिंग तुम्हीच घ्या. वळण कधी येणार हे चालकाला आधी कळत असल्याने त्याला सहसा त्रास होत नाही. गोळी घ्यायची असल्यास मळमळ सुरू होण्यापूर्वी, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. मात्र या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून ज्या दिवशी गोळी घ्याल त्या दिवशी गाडी चालवू नये आणि पाण्यातले किंवा उंचीवरचे साहसी प्रकारही टाळावेत.