पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला?

बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) १२ व्होल्टच्या लाइनवर ११.९ दिसतंय. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, जायला आलाय का?

नाही. एटीएक्स म्हणजे पीसीच्या एसएमपीएसचं ठरलेलं मानक. त्याच्या नेहमीच्या नियमात मुख्य लाइनना वर-खाली पाच टक्के सूट आहे (नव्या एटीएक्स ३ मध्ये १२ ला खालच्या बाजूला थोडी जास्त). म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६, ५ ची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ ची साधारण ३.१४ ते ३.४७ पर्यंत चालते. ११.९ अगदी ठणठणीत.

एका सॉफ्टवेअरमध्ये १२ ची लाइन ८.१ दाखवतेय. पीसी मात्र नीट चालतोय.

खरोखर ८ व्होल्ट असते तर पीसी चाललाच नसता. हा आकडा मदरबोर्डवरच्या सेन्सरचा असतो आणि तुमच्या बोर्डासाठी त्याचा हिशेब कसा करायचा, हे त्या सॉफ्टवेअरला नीट कळलेलं नाही. बायोसचा आकडा त्यातल्या त्यात बरा, पण खात्रीसाठी मल्टिमीटरच हवा.

मल्टिमीटर कुठे लावायचा?

डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. चार पिनांचा एखादा मोलेक्स प्लग बहुधा रिकामा असतो. पीसी चालू असताना काळा प्रोब काळ्या वायरच्या पिनेत, लाल प्रोब आधी पिवळ्या (१२) आणि मग लाल (५) वायरच्या पिनेत घाला. ३.३ साठी मदरबोर्डाच्या मोठ्या प्लगची नारिंगी वायर, प्लग न काढता मागच्या बाजूने. एका प्रोबचं टोक दोन पिनांना एकदम टेकू देऊ नका, इतकंच पथ्य. सगळ्या वायर काळ्याच असतील तर रंगाच्या भरवशावर राहू नका, पिनांचा नकाशा बघा.

गेम सुरू केला की पीसी रीस्टार्ट होतो. दुकानदाराने एसएमपीएस बाहेर काढून हिरवी-काळी वायर जोडली, पंखा फिरला, मीटरवर १२.१ आले. म्हणाला, एसएमपीएस ओके.

हे 'ओके' मी इतक्यांदा ऐकलंय! हिरवी वायर म्हणजे नुसतं चालू करायचं बटण. ती काळीला जोडल्यावर एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं. रिकामी रिक्षा घाट चढली, म्हणून तीन माणसं बसवल्यावर चढेलच असं नाही. तपासणी लोडवरच करायची. मीटर लावून ठेवा, गेम सुरू करा आणि आकड्यावर नजर ठेवा. हात स्थिर असेल तर मोलेक्सऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या प्लगमध्येच मागून मोजा, खरा ताण तिथे असतो. १२.१ चे ११.९ झाले तर काही बिघडलं नाही. ११.४ च्या खाली गेले तर एसएमपीएस बदला.

आता यातली खरी गोम. साधा मीटर सरासरी दाखवतो. ग्राफिक्स कार्डाने क्षणभर जास्त करंट ओढला आणि व्होल्टेज तेवढ्यापुरतं कोसळलं, तर मीटरला पत्ताही लागत नाही. रिपलचं, म्हणजे डीसीवर उरणाऱ्या बारीक चढउताराचंही तसंच. १२ च्या लाइनवर तो १२० मिलीव्होल्टपर्यंत चालतो, पण बघायला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून आकडे चांगले येऊनही रीस्टार्ट थांबत नसेल, तर मित्राकडून पुरेशा वॉटचा, चालता एसएमपीएस दोन दिवस मागून आणा. केबलही त्याच्याच वापरा, जुन्या केबलची पिनरचना वेगळी असू शकते. माझ्या मते घरच्या घरी याहून भरवशाची चाचणी नाही.

आतले फुगलेले कपॅसिटर मीच बदलू का?

नको. आत तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

पीसी बंद केला की घड्याळ मागे जातं. हाही एसएमपीएसचाच दोष का?

बहुधा नाही. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला असेल, आधी तो बदलून बघा.